लोकनिर्णयापुढे नम्र झालेले लोकनायक
कै. दयानंद बाळकृष्ण ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांची चरित्ररेखा

मठाच्या वर्धापनानिमित्त निघणाऱ्या ग्रंथात संतसत्पुरुषांच्या आणि गुरुपरंपरेच्या चरित्रांना अग्रस्थान असावे, हे योग्यच होय. त्यांच्या पंक्तीस एका राजकारणी पुरुषाचे चरित्र का, असा प्रश्न काही भाविकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु ज्या गुणांची शिकवण मठाच्या पायरीवर मिळते, त्यांची कसोटी पाहिली जाते ती संसारात आणि व्यवहारात. अहंकाराचा त्याग हा शब्द प्रवचनात ऐकणे सोपे. मात्र हाती सत्ता असताना, भोवती जयघोष चालू असताना, आपल्या अंतरीची सर्वांत प्रिय इच्छा लोकांच्या निर्णयावर सोडणे आणि निर्णय विरुद्ध गेल्यावर त्याच लोकांच्या सेवेस पुन्हा उभे राहणे, हे फार कठीण. गोमंतकाचे पहिले मुख्यमंत्री कै. दयानंद बांदोडकर यांच्या आयुष्यात असा प्रसंग आला. तो त्यांनी कसा निभावला, हे जाणून घेण्यासाठी त्यांचे चरित्र प्रारंभापासून पाहिले पाहिजे.

जन्म आणि काळ

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी उत्तर गोव्यातील पेडणे येथे झाला. पेडणे हा प्रांत पोर्तुगीजांच्या हाती गेला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. तिसवाडी, बार्देस आणि साष्टी या तालुक्यांवर पोर्तुगीज अंमल सोळाव्या शतकात बसला. त्या जुन्या काबिजादीत देवळे पाडली गेली आणि कित्येक देवतांना रातोरात मांडवी व जुवारी ओलांडून पलीकडच्या मुलखात आश्रय घ्यावा लागला. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे प्रांत नव्या काबिजादीचे. तेथे पोर्तुगीज अंमल उशिरा पोचल्यामुळे देवळे राहिली, मराठी कीर्तन-पुराण राहिले, घराघरांतून पोथ्यांचे वाचन चालू राहिले. जुन्या आणि नव्या काबिजादीतील हा भेद पुढे गोव्याच्या राजकारणातही उमटला. भाऊसाहेबांच्या यशाचे आणि अपयशाचे मूळ बऱ्याच अंशी येथेच सापडते.

त्यांच्या जन्माआधी पाच महिने, ऑक्टोबर १९१० मध्ये, पोर्तुगालातील राजेशाही संपून प्रजासत्ताक स्थापन झाले होते. धर्मसत्ता आणि राजसत्ता यांची फारकत झाली आणि गोव्यातील हिंदूंना ख्रिस्ती प्रजेच्या बरोबरीचे नागरी हक्क कायद्याने मिळाले. ठिकठिकाणी मराठी शाळा, वाचनालये आणि नाट्यमंडळ्या उभ्या राहू लागल्या. भाऊसाहेबांच्या पिढीचे बालपण या मोकळ्या हवेत गेले. परंतु ही हवा फार काळ टिकली नाही. १९२६ साली पोर्तुगालात लष्करी राजवट आली, पुढे सारी सत्ता सालाझार यांच्या हाती एकवटली आणि गोमंतकीयांचे सभास्वातंत्र्य व मुद्रणस्वातंत्र्य आक्रसत गेले. १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया यांनी बंदी मोडून सभा घेतली, तेव्हा भाऊसाहेब पस्तिशीत होते.

ज्या समाजात त्यांचा जन्म झाला, तो गोमंतक मराठा समाज. या समाजाचा इतिहास देवळांशी जडलेला. पिढ्यान् पिढ्या या समाजातील स्त्रीपुरुषांनी देवापुढे गायन-वादनाची सेवा केली; हिंदुस्थानी संगीताला आणि मराठी रंगभूमीला या समाजाने दिलेले कलावंत सर्वश्रुत आहेत. तथापि ज्या देवाच्या दारी त्यांनी सेवा केली, त्याच दारी मानाच्या जागा मात्र इतरांकडे राहिल्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या समाजातील विचारवंत मंडळींनी संघटना उभारून, शिक्षणाचा आणि विवाहसंस्थेचा पुरस्कार करून, स्वतःच्या उन्नतीचा मार्ग शोधला. भाऊसाहेब या धडपडीच्या काळात वाढले. समाजाने ज्यांना पायरीखाली ठेवले त्यांच्याविषयी त्यांच्या मनात जो जिव्हाळा आयुष्यभर राहिला, तो या अनुभवातून आला, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे.

उद्योग आणि दानशीलता

भाऊसाहेबांना वडिलोपार्जित वैभव लाभले नव्हते. विद्यापीठाची पदवीही त्यांच्यापाशी नव्हती. त्यांचे भाग्य उदयास आले ते खाणीच्या धंद्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्यातील लोहखनिजास परदेशांतून, विशेषतः जपानमधून, मोठी मागणी येऊ लागली. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील डोंगर खणले जाऊ लागले. खनिज बार्जांत भरून मांडवी व जुवारी या नद्यांवाटे मुरगाव बंदरात पोचू लागले. या व्यवसायात ज्या मोजक्या गोमंतकीयांनी स्वकष्टाने नाव मिळवले, त्यांत भाऊसाहेब एक होते.

संपत्ती आली, पण ती त्यांच्या हाती फार काळ थांबत नसे. देवस्थाने, शाळा, नाट्यसंस्था, क्रीडामंडळे आणि अडल्यानडल्या कुटुंबांच्या मदतीस ते धावून जात. राजकारणात पाऊल ठेवण्यापूर्वीच खेडोपाडी त्यांचे नाव दाता म्हणून पोचले होते. पुढे मतपेटीतून जे यश मिळाले त्याचा पाया या वर्षांत घातला गेला. ज्याच्या घरी गेल्यास विन्मुख परतावे लागत नाही, अशी एखाद्याची ख्याती झाली की लोक त्यास आपला मानू लागतात.

मुक्ती आणि पहिली निवडणूक

१९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याच्या कारवाईने गोवा, दमण आणि दीव हे प्रदेश पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले. १९६२ साली घटनादुरुस्तीने ते भारताचा केंद्रशासित प्रदेश बनले आणि १९६३ च्या केंद्रशासित प्रदेश कायद्याने तेथे विधानसभा व मंत्रिमंडळ यांची तरतूद झाली. साडेचारशे वर्षांनंतर गोव्याचा कारभार गोमंतकीयांच्या हाती येणार होता. मात्र तो कोणाच्या हाती यावा आणि या लहानशा प्रदेशाचे पुढे काय व्हावे, याविषयी तीव्र मतभेद होते.

एका बाजूस असे लोक होते, ज्यांना गोवा महाराष्ट्राचाच अंश वाटत होता. धर्मग्रंथांची भाषा मराठी, शाळेची भाषा मराठी, देवळातील आरती मराठी. तेव्हा १ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्यात गोव्याने सामील व्हावे, अशी त्यांची धारणा होती. कोकणी ही मराठीचीच बोली, असे ते मानीत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे, गोव्याचा इतिहास आणि जीवनपद्धती निराळी आहे, आणि मोठ्या राज्यात हा चिमुकला प्रदेश नाहीसा होईल. पहिल्या विचाराचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३ साली स्थापन झाला आणि त्याचे नेतृत्व भाऊसाहेबांकडे आले. दुसऱ्या विचाराचा युनायटेड गोवन्स पक्ष डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला.

९ डिसेंबर १९६३ रोजी प्रौढ मताधिकाराने गोव्याच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. एकूण जागा ३०. त्यांपैकी २८ गोव्यातील, एक दमणची आणि एक दीवची. पोर्तुगीज काळातही निवडणुका होत असत, परंतु मताचा अधिकार मोजक्यांपुरता असे. आता प्रथमच भाटकार आणि त्याचा मुंडकार, जमीनमालक आणि त्याचे कूळ, एकाच रांगेत उभे राहून एकेक मत देणार होते. देशभर प्रबळ असलेल्या काँग्रेस पक्षाचीच सरशी होईल, असा पुष्कळांचा अंदाज होता. निकाल लागले तेव्हा काँग्रेसला गोव्याच्या २८ जागांपैकी एकही मिळाली नाही. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने १४ आणि युनायटेड गोवन्स पक्षाने १२ जागा जिंकल्या. काँग्रेसने जमीनदार आणि प्रतिष्ठित घराण्यांवर भिस्त ठेवली. भाऊसाहेबांच्या पक्षाने कष्टकरी बहुजन समाजाला उभे केले. सिंह ही त्या पक्षाची निशाणी खेड्यापाड्यांतील निरक्षर माणसाच्या डोळ्यांपुढे घर करून राहिली.

विशेष गोष्ट ही की भाऊसाहेब स्वतः या निवडणुकीस उभे राहिले नव्हते. पक्षाने एकमुखाने त्यांची निवड केली आणि २० डिसेंबर १९६३ रोजी, मुक्तीच्या दुसऱ्या वर्धापनदिनाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस हे त्यांचे दोन सहकारी मंत्री. त्यानंतर मडकई मतदारसंघातील पोटनिवडणुकीतून भाऊसाहेब विधानसभेवर निवडून आले. मडकई हे फोंडा तालुक्यातील गाव. तिसवाडीतील गवशीहून स्थलांतरित झालेल्या श्री नवदुर्गेचे क्षेत्र. छळास न जुमानता देव पाठीवर घेऊन आलेल्यांच्या वंशजांनी नव्या लोकशाहीतील पहिल्या मुख्यमंत्र्याला विधानसभेत धाडले.

विधानसभेचे पहिले अधिवेशन ९ जानेवारी १९६४ रोजी पणजीस भरले. स्वातंत्र्यसैनिक पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर हे पहिले सभापती झाले.

कारभाराची दिशा

मुख्यमंत्री या नात्याने भाऊसाहेबांनी दोन कामांना प्राधान्य दिले. एक शिक्षण आणि दुसरे जमीन. पोर्तुगीज राजवटीत सरकारी शाळा थोड्या आणि त्यांची भाषा पोर्तुगीज. मराठी शाळा होत्या त्या लोकांच्या वर्गणीवर आणि शिक्षकांच्या त्यागावर कशाबशा चालत. भाऊसाहेबांच्या सरकारने गावोगावी, डोंगराळ वाड्यांवरही, प्राथमिक शाळा उघडल्या. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी पाटीला हात लावला नव्हता, त्या घरांतील मुली शाळेत जाऊ लागल्या. आज गोवा साक्षरतेत देशातील अग्रेसर प्रदेशांत गणला जातो, त्याची मुळे या शाळांत आहेत.

जमिनीचा प्रश्न याहून नाजूक होता. कूळ दुसऱ्याचे शेत कसत असे आणि खंड भरता भरता कर्जात बुडत असे. मुंडकार भाटकाराच्या भाटात झोपडी बांधून राहत असे आणि भाटकाराची मर्जी फिरली की त्यास घर सोडावे लागे. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले आणि खंडास मर्यादा पडली. १९७१ साली मुंडकार, शेतमजूर आणि गावचे कारागीर यांना राहत्या घरांतून हुसकावून लावण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. भाटकार वर्गात हिंदूही होते आणि ख्रिस्तीही. कुळे आणि मुंडकारही दोन्ही समाजांत होते. त्यामुळे या कायद्यांचा लाभ धर्माची सीमा ओलांडून पोचला.

या कारभारावर टीका झाली नाही असे नाही. प्रशासन चालवण्यास आणि शाळांतून शिकवण्यास महाराष्ट्रातून बरेच अधिकारी व शिक्षक आणले गेले. त्यामुळे आपल्याच घरात आपण परके होत आहो, ही भावना स्थानिक सुशिक्षितांत बळावली. भाऊसाहेबांचा स्वभाव एकहाती निर्णय घेण्याचा. तोही त्यांच्या काही सहकाऱ्यांना बोचत असे. भाषेच्या वादाने तर घराघरांत दोन तट पाडले. चरित्र लिहिताना ही बाजू झाकून ठेवणे हे भाऊसाहेबांच्या मोठेपणास शोभणारे नाही. पुढे जो कौल लागला, तो समजण्यासाठीही ती ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

जनमत कौल

१९६३ च्या विजयाचा अर्थ भाऊसाहेबांच्या पक्षाने असा लावला की गोमंतकीय जनतेने विलीनीकरणास संमती दिली. १९६५ साली गोवा विधानसभेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव संमत केला. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही त्यास अनुकूल ठराव केला. म्हैसूर राज्यातूनही गोव्यावर हक्क सांगितला जात होता. विरोधकांचे म्हणणे असे होते की निवडणुकीत मत दिले जाते ते अनेक कारणांसाठी. कुळाने सिंहावर शिक्का मारला तो आपल्या शेतासाठी. प्रदेशाचे अस्तित्वच मिटवण्याचा अधिकार त्याने कोणास दिलेला नाही. तेव्हा या एकाच प्रश्नावर लोकांना स्वतंत्रपणे विचारावे. पंडित नेहरू यांनीही गोव्याचे भवितव्य गोमंतकीयांच्या इच्छेनेच ठरेल, अशी ग्वाही दिली होती. १९६४ साली त्यांचे निधन झाले, पण तो विचार मागे राहिला. काँग्रेसचे गोमंतकीय नेते पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत त्यासाठी अखंड खटपट केली. अखेर इंदिरा गांधी पंतप्रधान असताना, डिसेंबर १९६६ मध्ये, संसदेने जनमत कौलाचा कायदा केला.

भाऊसाहेबांच्या पक्षापाशी विधानसभेतील बहुमत होते आणि ठरावही संमत झालेला होता. विलीनीकरण विधानसभेच्या ठरावानेच व्हावे, असा आग्रह धरीत बसण्याचा मार्ग त्यांस मोकळा होता. पण त्यांनी कौलास सामोरे जाण्याचे स्वीकारले. मुख्यमंत्री गादीवर असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. भाऊसाहेबांनी तोही मान्य केला आणि डिसेंबर १९६६ च्या प्रारंभी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागू झाली. ज्या अधिकाराच्या बळावर मते वळवता आली असती, तो अधिकार त्यांनी आपणहून खाली ठेवला. मोठमोठ्या राजकारण्यांच्या चरित्रांत असे प्रसंग बोटावर मोजण्याइतकेच सापडतात.

१६ जानेवारी १९६७ हा मतदानाचा दिवस. मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी दोन पाने. त्याआधी काही आठवडे गोव्यात दुसरा विषय नव्हता. गावोगावी सभा, मिरवणुका, गाणी, भिंतींवर फुले आणि पाने. गोव्यातील मराठी वृत्तपत्रांतही दुफळी होती. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूस, तर 'राष्ट्रमत' मराठीतूनच विलीनीकरणाच्या विरुद्ध लिहीत होते. एका घरातील एक भाऊ फुलाचा आणि दुसरा पानांचा, असे दृश्य दुर्मीळ नव्हते. एकाच मठाची शिष्यमंडळी, एकाच पंगतीस बसणारी, या प्रश्नावर मात्र दोन बाजूंस उभी होती.

मतदारांची संख्या ३,८८,४३२. त्यांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. चौतीस हजार एकवीस मतांनी भाऊसाहेबांची आयुष्यभराची इच्छा नाकारली गेली. गोव्यात हिंदू बहुसंख्य असताना हा निकाल लागला. म्हणजेच ज्यांनी विधानसभेसाठी सिंहास मत दिले होते, त्यांच्यातीलही बऱ्याच जणांनी फुलाकडे पाठ फिरवली होती.

बेळगाव सीमाभागातील वाचकांना या घटनेचे वेगळेपण अधिक जाणवेल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो प्रदेश म्हैसूर राज्यात गेला तेव्हा तेथील लोकांना असा प्रश्न थेट विचारला गेला नव्हता. गोव्यात कौलाची तयारी चालू होती त्याच सुमारास, १९६६ साली, त्या प्रश्नावर महाजन आयोग नेमला गेला. एखाद्या प्रदेशाने शेजारच्या राज्यात जावे की जाऊ नये, हे मतपेटीतून विचारले गेल्याची उदाहरणे आपल्या देशात विरळच. गोव्यात ते घडले, आणि तेही विलीनीकरणाच्या प्रमुख पुरस्कर्त्याने अधिकारपद सोडून वाट मोकळी करून दिल्यावर.

पुन्हा लोकांपुढे

पराभव झालेल्या माणसापुढे तीन वाटा असतात. निकाल खोटा म्हणून आरडाओरडा करावा, रुसून घरी बसावे, अथवा ज्यांनी नाकारले त्यांच्याच दारी पुन्हा जावे. भाऊसाहेबांनी तिसरी वाट धरली. कौलानंतर दहा आठवड्यांनी, २८ मार्च १९६७ रोजी, विधानसभेची दुसरी निवडणूक झाली. भाऊसाहेबांची सद्दी संपली, असे विरोधकांना वाटत होते. परंतु निकाल लागला तो असा, की महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास १६ जागा आणि युनायटेड गोवन्स पक्षास १२. पहिल्या खेपेस स्वबळावर न मिळालेले बहुमत या खेपेस मिळाले. ५ एप्रिल १९६७ रोजी भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले.

या दोन मतदानांचा अर्थ लावताना विद्वानांनी बरेच लिहिले आहे. साध्या माणसाला त्यातील मर्म सहज कळेल. लोकांनी भाऊसाहेबांचे एक म्हणणे नाकारले, पण त्यांस नाकारले नाही. गोवा गोवाच राहावा, आणि त्याचा कारभार भाऊसाहेबांनी करावा, असा तो दुहेरी निर्णय होता. भाऊसाहेबांनीही तो तसाच घेतला. जो प्रदेश महाराष्ट्रात मिसळावा म्हणून त्यांनी जिवाचे रान केले, त्याच प्रदेशाच्या वेगळ्या अस्तित्वाची जबाबदारी त्यांनी पुढील सहा वर्षे वाहिली. मराठीवरील त्यांची निष्ठा तशीच राहिली, पण कौलाचा निर्णय उलटवण्यासाठी त्यांनी गोव्यास पुन्हा रणधुमाळीत लोटले नाही.

या दुसऱ्या कारकीर्दीत त्यांचे लक्ष कला आणि क्रीडा यांकडेही वळले. १९७० साली गोव्यात कला अकादमी स्थापन झाली. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या देवापुढे गायन केले, त्या समाजातील मुख्यमंत्र्याने गोमंतकीय संगीत-नाट्याला प्रतिष्ठेचे घर मिळवून द्यावे, हे औचित्यपूर्णच होते. फुटबॉल हा जुन्या काबिजादीतील ख्रिस्ती तरुणांचा प्राणप्रिय खेळ. त्याच्या स्पर्धेसाठी बांदोडकर सुवर्णचषकही १९७० सालीच सुरू झाला. ज्या भागांनी त्यांच्या पक्षास फारशी मते दिली नव्हती, त्या भागांतील मैदानांवरही त्यांचे नाव अशा रीतीने पोचले.

त्याच वर्षी राजकारणात मात्र वादळ उठले. पक्षातील काही आमदारांनी त्यांच्या कार्यपद्धतीवर नाराज होऊन बंड केले आणि सरकार अल्पमतात येण्याची वेळ आली. या संकटात त्यांना आधार मिळाला तो विरोधी युनायटेड गोवन्स पक्षातून फुटून आलेल्या काही आमदारांचा. तीन वर्षांपूर्वी फूल आणि पाने घेऊन जे एकमेकांसमोर उभे होते, त्यांच्यापैकी काहीजण आता एकत्र आले. या घडामोडीत तत्त्व किती आणि सोय किती, हा वाद राजकारणाच्या अभ्यासकांवर सोपवावा. परंतु जुने वैर गाठीस बांधून ठेवण्याची भाऊसाहेबांची प्रकृती नव्हती, हे यावरून दिसते.

१९७२ साली तिसरी निवडणूक झाली. बंडखोरी होऊनही महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे बळ वाढले आणि त्यास १८ जागा मिळाल्या. युनायटेड गोवन्स पक्षाकडे १० जागा राहिल्या. चौदा, सोळा आणि अठरा अशी ही चढती कमान आहे. जनमत कौलातील पराभव या कमानीच्या मधोमध उभा आहे, आणि त्याने ती मोडली नाही.

अखेर

तिसऱ्या कारकीर्दीचे दुसरे वर्ष नुकते लागले होते. १२ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच भाऊसाहेबांचे निधन झाले. पणजीजवळ मिरामार येथे समुद्रकाठी त्यांची समाधी आहे, आणि पणजीहून तिकडे जाणाऱ्या रस्त्यास त्यांचे नाव दिलेले आहे. त्यांच्या पश्चात त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत त्या पदावर राहिल्या. मुंडकारांसाठीचा १९७५ चा कायदा आणि कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक करणारी कूळ कायद्यातील १९७६ ची दुरुस्ती त्यांच्या काळात झाली; पित्याने आरंभलेले काम कन्येने पुढे नेले.

पुढे १९८७ च्या फेब्रुवारीत कोकणी ही गोव्याची राजभाषा ठरली आणि मराठीलाही शासकीय व्यवहारात स्थान राहिले. ३० मे १९८७ रोजी गोवा भारतीय संघराज्याचे पूर्ण दर्जाचे राज्य झाले. भाऊसाहेबांनी तारुण्यात जे चित्र मनाशी रंगवले असेल, त्याहून हे चित्र निराळे आहे. १६ जानेवारी हा दिवस आज गोव्यात अस्मितेचा दिवस म्हणून पाळला जातो; म्हणजेच ज्या दिवशी त्यांचा पराभव झाला तो दिवस राज्याच्या अभिमानाचा दिवस ठरला. तरीही त्याच राज्यात भाऊसाहेबांना गोव्याच्या उभारणीचे शिल्पकार मानले जाते, आणि त्यांच्या समाधीपुढे हात जोडणाऱ्यांत पानांना मत देणाऱ्या घरांतील माणसेही असतात. आपल्या विरुद्ध मत देणाऱ्यांच्या मुलाबाळांनीही आपणास आपले म्हणावे, याहून मोठी पदवी लोकनायकास कोणती मिळणार?

आपल्या मठाच्या परंपरेत फळाची आसक्ती सोडून कर्म करण्याचा उपदेश अहोरात्र चालतो. भाऊसाहेब संन्यासी नव्हते. त्यांस कीर्तीची आवड होती, सत्तेची जाण होती, मनात धरलेल्या गोष्टीसाठी ते इरेला पेटत. म्हणूनच १९६६ च्या डिसेंबरात त्यांनी सोडलेल्या पदाचे आणि १९६७ च्या जानेवारीत त्यांनी स्वीकारलेल्या निकालाचे मोल अधिक आहे. ज्याला कशाची ओढच नाही, त्याने काही सोडले तर त्यात नवल नाही. ज्याची ओढ जबर, त्याने ती लोकनिर्णयाच्या पायाशी ठेवावी, यात साधना आहे.

मठाचे शिष्य आज गोव्यात, सीमाभागात, इंदूर-ग्वाल्हेरात, बडोद्यात आणि दूरदेशी पसरलेले आहेत. कोणी मराठी बोलतो, कोणी कोकणी, कोणी कानडी. भाषेचे आणि प्रांताचे अभिमान आपल्यातही आहेत आणि ते असावेत. मात्र एकदा सर्वांनी मिळून निर्णय केला की त्यात आपले मत हरले तरी पंगत सोडून उठू नये, हा पाठ भाऊसाहेबांच्या चरित्राने घालून दिला आहे. वर्धापनाच्या या मंगल प्रसंगी तो आपल्या सर्वांच्या अंतःकरणात रुजावा, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.